आधी मोजा, मग फेडर हलवा: नव्या डीजेसाठी ट्रान्झिशनचे धडे

माझं पहिलं रेकॉर्ड केलेलं मिक्स मी जपून ठेवलंय, ऐकवत मात्र कुणाला नाही. त्यात चौदाव्या मिनिटाला दोन गाणी एकमेकांत शिरतात. एका गाण्यातून दुसऱ्यात जायच्या या जागेलाच ट्रान्झिशन म्हणतात. वेग तंतोतंत जुळलेला, किकवर (ड्रमच्या जाड ठोक्यावर) किक बसलेली. तरी ऐकताना वाटतं, की दोन माणसं एकदमच बोलताहेत आणि कुणीच थांबायला तयार नाही. पहिलं गाणं ऐन धृपदात असताना दुसऱ्याचं कडवं सुरू होतं. तेव्हा मी पिच फेडरला (गाण्याचा वेग बदलणाऱ्या सरकपट्टीला) दोष दिला, मग कंट्रोलरला (गाणी वाजवायच्या आणि मिसळायच्या यंत्राला). बऱ्याच दिवसांनी ते मिक्स बोटांवर मोजलं तेव्हा कळलं, की नवं गाणं मी एकोणिसाव्या बीटवर (ठेक्याच्या ठोक्यावर) सोडलं होतं. ते सुरू व्हायला हवं होतं पहिल्या नाहीतर तेहतिसाव्या बीटवर. मनात आलं तेव्हा प्ले दाबलं होतं, एवढंच.

म्हणून इथे सुरुवात मोजणीने करतोय. बटणं नंतर.

सामान आणि गाणी

दोन डेकचा (डेक म्हणजे एक गाणं वाजवणारा भाग) साधा कंट्रोलर, लॅपटॉप, कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन आणि कुठलाही बरा स्पीकर. एवढं पुरतं. ब्लूटूथ हेडफोन किंवा ब्लूटूथ स्पीकर मात्र इथे चालत नाही. त्यातून आवाज जरा उशिरा पोचतो. गाणं ऐकताना ते जाणवत नाही, पण बीट जुळवताना तुम्ही जे ऐकताय ते होऊन गेलेलं असतं. यात लोक आठवडेच्या आठवडे घालवतात आणि आपल्याला कानच नाही असं समजून बसतात.

गाणी दहाच घ्या. हाऊस किंवा टेक्नो, सगळी १२४ ते १२८ बीपीएमच्या (बीपीएम म्हणजे मिनिटाला किती बीट) आसपासची. हा प्रकार आवडायलाच हवा असं नाही. यात ठेका मशीनचा असतो, शेवटपर्यंत हलत नाही, आणि गाण्याच्या दोन्ही टोकांना नुसत्या ड्रमचा लांब पट्टा असतो. त्यासाठी गाण्याचं एक्स्टेंडेड मिक्स शोधा. रेडिओ एडिटमध्ये हा पट्टा कापलेला असतो, म्हणजे नेमकी आपल्याला लागणारी जागाच गायब.

पायरी १: डेकला हात न लावता मोजायला शिका

चार बीटचा एक बार. आठ बार, म्हणजे ३२ बीट मिळून एक फ्रेज. नाचायच्या बहुतेक गाण्यांत काहीही नवीन घडतं ते या फ्रेजच्या सांध्यावर. हायहॅट (ड्रमची छोटी झांज) येतो, बेसलाइन (खालच्या जाड सुरांची ओळ) सुटते, गायक सुरू होतो, ड्रम गळून फक्त सूर उरतात: सगळं तिथेच. फ्रेजच्या पहिल्या बीटला डीजे मंडळी ‘वन’ म्हणतात. आपल्या भाषेत त्यासाठी सम हा नेमका शब्द आहे, आणि एकदा समेवर यायची सवय कानाला लागली की निम्मं काम झालं.

मोजताना एक ते बत्तीस असं मोजू नका, जीभ अडखळते. असं मोजा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार… आठ-दोन-तीन-चार. पहिला आकडा बारचा, म्हणजे कुठे आहोत ते आपोआप कळतं. १२८ बीपीएमला ३२ बीट बरोबर १५ सेकंदांत संपतात. सुरुवातीला पडताळा म्हणून घड्याळ लावलं तरी चालेल.

आता एक गाणं लावा, कागद घ्या आणि प्रत्येक फ्रेजसमोर एक ओळ लिहा. माझ्या वहीतली एका गाण्याची नोंद अशी आहे: ‘१ नुसती किक, २ हायहॅट, ३ बेस, ४ बेस + टाळी, ५ आवाज, ६ आवाज, ७ ड्रम बंद, ८ ड्रम बंद + चढत जाणारा आवाज, ९ ड्रॉप.’ (ड्रॉप म्हणजे ड्रम आणि बेस पुन्हा जोरात येतात ती जागा.) दहाही गाण्यांचं असं करा. दोन संध्याकाळी जातील. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. पण यानंतर गाणं कुठे वळणार हे तुम्हाला ते वळायच्या आधी कळू लागतं, आणि तेच हवंय.

काही गाणी फसवतात. मध्येच चार बीटचा एक जादा बार घुसवलेला असतो, किंवा सोळाच बीटची फ्रेज असते. त्या गाण्यासमोर खूण करा आणि सध्या बाजूला ठेवा.

पायरी २: क्यू लावा, ग्रिड तपासा

गाण्याची पहिली स्पष्ट किक शोधा, वेव्हफॉर्म (आवाजाचा पडद्यावरचा आलेख) पूर्ण मोठा करा आणि किक जिथे उसळी घेते त्या टोकावर पहिला हॉट क्यू (बटण दाबताच गाणं जिथून सुरू होतं ती खूण) ठेवा. किंचित मागेपुढे झाला तर प्रत्येक वेळी तेवढीच चूक पदरात पडेल. दुसरा हॉट क्यू आउट्रो (शेवटचा नुसत्या ड्रमचा पट्टा) सुरू होतो तिथे.

सॉफ्टवेअर स्वतःच बीपीएम काढून गाण्यावर ग्रिड, म्हणजे बीटच्या रेघा, आखतं. मशीनच्या ठेक्यावर ते सहसा बरोबर असतं, तरी मेट्रोनोम (ठेक्याची टिकटिक) लावून एकदा गाण्याच्या शेवटाजवळ ऐकून बघा. दोन चुका नेहमीच्या. एक म्हणजे दुगुनीचा घोळ: १४० चं गाणं ७० म्हणून दिसतं किंवा उलट. दुसरी जुन्या, माणसाने वाजवलेल्या ड्रमच्या गाण्यांत. तिथे वेग मुळातच थोडा वरखाली होत असतो, आणि सरळ रेघांचा ग्रिड त्याला धरू शकत नाही. अशी गाणी पहिल्या महिन्यात नकोतच.

पायरी ३: वेग जुळवा

दोन गाण्यांचे बीट आपोआप जुळवणारं सिंकचं बटण वापरावं की नाही यावर डीजेंमध्ये हाणामाऱ्या होतात. माझं मत असं: ट्रान्झिशनचा सराव करताना सिंक बिनधास्त लावा, आणि रोज दहा-पंधरा मिनिटं ते बंद करून कानाने जुळवा. दोन्ही गोष्टी एकदम शिकायला गेलात तर चूक कुठे झाली हेच कळणार नाही. मात्र एक ध्यानात ठेवा. सिंक बीटवर बीट बसवतं. समेवर सम बसवणं तुमच्याकडेच राहतं. माझ्या त्या चौदाव्या मिनिटाला सिंक चालूच होतं.

कानाने जुळवायची कला कंट्रोलरच्या कितीतरी आधीची. न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो १९६० च्या दशकाच्या अखेरीस दोन रेकॉर्डचे ठेके एकमेकांवर बसवत होता. १९७९ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२००एमके२ टर्नटेबलवर वेग ८ टक्के वर किंवा खाली नेणारी उभी पट्टी होती, आणि तुमच्या कंट्रोलरवरचा पिच फेडर तिचाच वंशज आहे.

करायचं असं. डेक ‘अ’वर १२६ चं गाणं स्पीकरमधून चालू आहे. डेक ‘ब’वर १२८ चं गाणं फक्त हेडफोनमध्ये. ते १२६ वर आणायचं म्हणजे पिच साधारण १.६ टक्के खाली. आकडा झाकून ठेवा आणि कानाने काढा. ‘अ’च्या समेवर ‘ब’ सोडा. एका कानावर हेडफोन, दुसरा कान स्पीकरकडे मोकळा. किका जुळल्या असतील तर एकच जाड ‘धप्’ ऐकू येतो. सुटल्या असतील तर ‘धडप्-धडप्’, घोड्याच्या टापांसारखं.

टापा ऐकू आल्या की नवशिक्या घाबरून दोन्हीकडे हात मारतो, जॉग व्हीलही (डेकवरची गोल तबकडी) आणि पिचही. तसं करू नका. आधी जॉग व्हीलला हलका धक्का देऊन किका एकत्र आणा. मग हात काढून एक फ्रेजभर ऐका. एकत्रच राहिल्या, तर वेग बरोबर होता, फक्त सुरुवात चुकली होती. पुन्हा सरकायला लागल्या, तर वेगच चुकलाय आणि आता पिच हलवायचा. ‘ब’ पुढे पळत असेल तर कमी, रेंगाळत असेल तर जास्त. धक्क्याने जागा सुधारते, पिचने वेग. हा फरक हातात मुरायला मला दीड महिना लागला.

फरक किती बारीक? फक्त ०.१ बीपीएमचा फरक राहिला, तर १२८ च्या वेगात एका मिनिटात किका साधारण ४७ मिलिसेकंद सरकतात. तेवढ्यात टाळी फाटल्यासारखी ऐकू येते. अर्ध्या मिनिटाच्या ट्रान्झिशनमध्ये हे खपून जातं, दोन मिनिटांच्या ट्रान्झिशनमध्ये अजिबात नाही.

यासाठीचा सगळ्यात चांगला सराव म्हणजे एकच गाणं दोन्ही डेकवर लावणं. सिंक बंद, एकाचा पिच मुद्दाम हलवलेला, आकड्यावर कागद चिकटवलेला. जुळवत जा. अगदी जवळ आलात की दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून विमान दुरून जावं तसा एक सूंऽऽ असा फिरता आवाज येतो. तो आला म्हणजे तुम्ही काही मिलिसेकंदांच्या आत आहात.

की लॉक, म्हणजे काही सॉफ्टवेअरमध्ये ज्याला मास्टर टेम्पो म्हणतात ते, चालू ठेवा. ते बंद असताना वेग ६ टक्के वाढवला की गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतं, आणि गायकाचा आवाज लहान मुलासारखा होतो.

पायरी ४: आवाजाची पातळी

गेनची (गाण्याचा मूळ आवाज ठरवणारी) खुंटी फिरवून दोन्ही चॅनलचे (प्रत्येक डेकच्या आवाजाची वाट म्हणजे चॅनल) मीटर सारखे करा, पण गाण्याच्या सर्वांत दणदणीत भागावर. इंट्रोवर (सुरुवातीच्या पट्ट्यावर) जुळवलंत तर ड्रॉप आला की कानठळ्या. मीटर हिरव्यात, अधूनमधून पिवळ्याला शिवणारे. लाल म्हणजे आवाज फाटतोय, आणि दोन गाणी एकत्र आली की बेरीज होऊन तो आणखी वर जातो. आधी थोडी जागा ठेवा.

कानांचंही तेच. ८५ डेसिबलला रोज ८ तासांची मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. हेडफोनचा आवाज हळूहळू वाढत जातो, आपल्याला कळत नाही. दर अर्ध्या तासाने तो मुद्दाम खाली आणा.

पायरी ५: प्रत्यक्ष ट्रान्झिशन, ६४ बीटचं

आता मुख्य गोष्ट. दोन गाण्यांचा बेस एकत्र वाजला की सगळं चिखल होतं. किकवर किक, बेसलाइनवर बेसलाइन: कधी आवाज दुप्पट फुगतो, कधी एक लाट दुसरीला खाते आणि दम निघून जातो. म्हणून नियम एकच: स्पीकरमधून एका वेळी एकाच गाण्याचा बेस. ट्रान्झिशनचं हृदय म्हणजे बेसची ही अदलाबदल.

‘अ’चा आउट्रो ६४ बीटचा आहे, ‘ब’चा इंट्रोही ६४ चा. १२६ बीपीएमला हा सगळा खेळ साडेतीस सेकंदांत आटोपतो. मी तो सावकाश सांगतो.

‘ब’ पहिल्या क्यूवर उभा. त्याचा चॅनल फेडर (आवाजाची उभी पट्टी) तळाला. लो ईक्यू (बेसची खुंटी) पूर्ण डावीकडे, हाय (वरच्या सुरांची खुंटी) थोडा कमी. मिड (मधल्या सुरांची) आहे तिथेच. क्रॉसफेडर (दोन डेकमधली आडवी पट्टी) मधोमध, त्याला हातच लावायचा नाही. नवख्यांना क्रॉसफेडर फार मोह घालतो, पण अशा लांब मिश्रणात दोन उभे फेडर जास्त ताबा देतात.

‘अ’चं शेवटचं धृपद चालू आहे. तुम्ही मोजताय: सहा-दोन-तीन-चार, सात-दोन-तीन-चार, आठ-दोन-तीन… बोट प्लेवर. आउट्रोची सम पडते आणि त्याच क्षणी प्ले. प्रेक्षकांना अजून काही कळलेलं नाही, फेडर तळालाच आहे. हेडफोनमध्ये एक बार ऐका. टापा आल्या तर आत्ताच हलका धक्का द्या, फुकटात सुटता येतं.

मग फेडर वर. एका झटक्यात नाही, पण चोरासारखंही नाही: दुसऱ्या बारपासून सहाव्या बारपर्यंत. ‘ब’चा हायहॅट ‘अ’च्या हायहॅटवर हलकेच बसतो. बेस अजून ‘अ’चाच. पहिली फ्रेज संपत आली, पुन्हा मोजणी. एक हात ‘अ’च्या लोवर, दुसरा ‘ब’च्या लोवर. आठ-दोन-तीन-चार आणि तेहतिसाव्या बीटवर दोन्ही एकदम फिरवा: ‘अ’चा डावीकडे तळाला, ‘ब’चा मधोमध. समेवर केलंत तर ऐकणाऱ्याला वाटतं, गाण्यातच काहीतरी बदललं. दोन बीट उशिरा केलंत तर तिथे खड्डा पडतो, आणि तो सगळ्यांना कळतो.

काही मिक्सरवर लो तळाला नेला की बेस पूर्ण बंद होतो, काहींवर थोडा उरतो. तुमच्यावर काय होतं ते आधीच ऐकून ठेवा.

दुसऱ्या फ्रेजमध्ये ‘अ’चा हाय, मग मिड, मग फेडर खाली. ६५ व्या बीटवर ‘ब’ची बेसलाइन किंवा आवाज सुरू होतो आणि तेव्हा ‘अ’ निघून गेलेला असतो.

लगेच करायचं आणि हमखास विसरायचं काम: ‘अ’च्या चॅनलचे सगळे ईक्यू मध्यावर परत. एकदा ओळखीतल्या दहा-बाराजणांसमोर वाजवताना मी हे विसरलो. पुढचं गाणं त्याच चॅनलवर बेसविना सुरू झालं आणि ड्रॉप आला तेव्हा चहाचा चमचा कपावर आपटावा तसा आवाज आला. आता गाणं बदललं की माझा हात आधी खुंट्यांवर जातो.

सुरांचं काय?

नुसत्या ड्रमवर ड्रम मिसळत असाल तर सुरांची चिंता जवळजवळ नाही. सुरावटी एकमेकींवर येणार असतील तर मात्र बघावं लागतं. बरीच सॉफ्टवेअर गाण्याची पट्टी कॅमेलॉट पद्धतीने दाखवतात: १ ते १२ आकडे आणि ए किंवा बी. ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. ‘८ए’ असेल तर ‘८ए’, ‘७ए’, ‘९ए’ आणि ‘८बी’ सहसा जमतात. सॉफ्टवेअर पट्टी ओळखताना चुकतंही, तेव्हा अखेरचा शब्द कानाचा. आणि दोन गायक एकत्र कधीच नकोत, पट्टी कितीही जुळो.

इंट्रोच नसेल तर

बरीच लोकप्रिय गाणी थेट आवाजाने सुरू होतात, ६४ बीटची चैन तिथे नसते. त्यासाठी तीन वाटा हाताशी ठेवा.

साधी काट: ‘अ’ची फ्रेज संपली की समेवर ‘ब’ पूर्ण आवाजात, ‘अ’ बंद. मोजणी पक्की असेल तर हे सर्वांत स्वच्छ ट्रान्झिशन आहे, आणि त्याला कुणी फारसा मान देत नाही.

लूप: ‘अ’च्या शेवटचे चार किंवा आठ ड्रमचे बीट लूपमध्ये अडकवा आणि आपला आउट्रो आपणच बनवा. लूपमध्ये गायकाचं अर्धं अक्षर अडकू देऊ नका, पुढचा अर्धा मिनिट ते तुम्हाला छळतं.

एको: वेगात मोठा फरक असेल, समजा १०० वरून १२८ वर जायचंय, तर बीट जुळवायचा हट्ट सोडा. फ्रेजच्या शेवटच्या बीटवर ‘अ’ला एको लावा, फेडर खाली घ्या. विरत जाणाऱ्या प्रतिध्वनीत ठेका पुसट होतो, तेवढ्यात ‘ब’ सोडा. फक्त हे तासाला पाच वेळा करू नका. आवाजाचा वरचा किंवा खालचा भाग गाळणाऱ्या फिल्टरचंही तसंच आहे. त्याची खुंटी हाताला इतकी गोड लागते की दर गाण्यात फिरवली जाते.

बिघडलं तर

ट्रान्झिशनच्या मधोमध टापा ऐकू आल्या आणि कोण पुढे आहे हे कळत नसेल, तर शोधत बसू नका. जे गाणं जाणारच होतं त्याचा फेडर पटकन खाली घ्या. जमलं तर पुढच्या समेवर, नाही तर लगेच. ऐकणाऱ्याला एक तुटक काट ऐकू येईल. दहा सेकंद चाललेल्या टापांपेक्षा ती कधीही बरी.

सराव कसा करावा

दहा जोड्या एकेकदा करण्यापेक्षा एक जोडी दहादा करा. पहिल्या तीन वेळा वेव्हफॉर्म बघून. मग लॅपटॉपचा पडदा अर्धा झाका आणि मोजून. रेकॉर्डिंग प्रत्येक वेळी चालू ठेवा, पण ऐका दुसऱ्या दिवशी. वाजवताना हात इतके गुंतलेले असतात की कान खरं सांगत नाहीत, आणि त्याच रात्री ऐकलं तर आपण आपल्याच बाजूने असतो.

ऐकताना वहीत जोडीसमोर तीनच गोष्टी लिहा: सम चुकली का, बेस कुठे बदलला, ‘अ’ किती उशिरापर्यंत रेंगाळला. माझ्या वहीत तिसऱ्या रकान्यात महिनाभर एकच शब्द होता, ‘फार’. जोडी सलग तीनदा बिनचूक गेली की ‘ब’च्या पुढे तिसरं गाणं जोडा. मात्र तेव्हा एक नवी अडचण येते: ‘ब’ वाजत असताना, ३२ ची मोजणी न सोडता, त्याच्या पुढचं गाणं शोधायचं, क्यूवर आणायचं आणि गेन बघायचा. आधी काढलेला तो फ्रेजचा कागद समोर ठेवा. कुठल्या फ्रेजपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं.